आरओएस१ फुफ्फुसाचा कर्करोग: औषध ठरवताना या चुका टाळा

निपाणीचा रुग्ण कोल्हापूर गाठतो, खानापूरचा बेळगाव, आणि पुढे मुंबई किंवा बेंगळुरू. या फिरतीत बायोप्सीचा ब्लॉक (गाठीचा तुकडा जपलेली मेणाची वडी) पहिल्याच लॅबमध्ये राहतो, मग पुन्हा सुई घालावी लागते. डिस्चार्जच्या वेळीच अर्ज देऊन ब्लॉक, स्लाइड आणि रिपोर्ट मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून पाहा. मेण उन्हाने मऊ पडतं, म्हणून ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका.

'ईजीएफआर निगेटिव्ह', म्हणजे ईजीएफआर या जनुकात बदल सापडला नाही, की शोध संपला, हा समज सर्वांत घातक. आरओएस१ या जनुकातला बदल फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एक-दोघांतच सापडतो, पण सापडला तर क्रिझोटिनिब किंवा एन्ट्रेक्टिनिबच्या गोळ्यांनी बहुतेकांची गाठ आकसते. यात दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात. फक्त डीएनए पाहणाऱ्या पॅनेलमधून (अनेक जनुकांच्या एकत्रित तपासणीतून) ही जोडणी निसटू शकते, म्हणून आरएनएसह एनजीएस (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) मागा. नुसत्या आयएचसीवर (तुकड्याला रंग देऊन प्रथिन शोधणारी चाचणी) आरओएस१ पॉझिटिव्ह आला तर फिश (जनुक तुटलंय का ते चमकत्या खुणांनी पाहणारी चाचणी) किंवा एनजीएसने खात्री करूनच गोळी सुरू करावी.

तुकडा लहान असेल तर तो डागांवर, म्हणजे रंग देऊन केलेल्या चाचण्यांवर, संपवू नये. कर्करोगाचा प्रकार ओळखायला बहुधा टीटीएफ-१ आणि पी४० हे दोन डाग पुरतात. उरलेला जनुकीय तपासणीसाठी राखा. तुकडा मेणात बसवण्याआधी 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) 6 ते 72 तास असावा. जोडून सुट्ट्या आल्या की ही मर्यादा हमखास ओलांडते. हाडातला तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तर डीएनए नासतो, तिथे ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगा.

पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) जास्त दिसला म्हणून जनुकीय रिपोर्टआधी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) देण्याची घाई नको. तिच्यानंतर क्रिझोटिनिब दिल्यास यकृताला सूज येण्याचा धोका वाढतो. दम फार लागत असेल, थांबणं शक्यच नसेल, तर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या किमोची पहिली फेरी इम्युनोथेरपीविना देता येते. हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

आपल्याकडे कधीकधी थुंकी न तपासता, फक्त एक्स-रेवरून टीबीची औषधं सुरू झालेली असतात. त्यातलं रिफॅम्पिसिन क्रिझोटिनिबचं रक्तातलं प्रमाण घटवतं, आणि लोरलॅटिनिब या कर्करोगाच्या आणखी एका गोळीसोबत तर यकृताला गंभीर इजा करू शकतं. चालू असलेली प्रत्येक गोळी कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.

रक्तातून केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर ती 'नाही' समजू नका. गाठीतून रक्तात डीएनए कमी उतरला असेल. ब्लॉकवर तपासणी करायलाच हवी.