यादी फोडायची ती एमएक्स बघून

फोर्ट-बॅलार्ड इस्टेटमधल्या कस्टम ब्रोकरांना आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो. ज्यांना पहिल्यांदाच मेल पाठवायचा अशा कंपन्यांची नवी यादी आली की कंपनी केवढी, हे मी नंतर बघते. आधी तिचा मेल कुणाकडे उतरतो ते बघायचं.

नुसत्या पत्त्यावरून ते कळत नाही. डोमेन कंपनीच्या नावाचं असतं, पण मेलबॉक्स गूगलचा, मायक्रोसॉफ्टचा किंवा झोहोचा निघतो. म्हणून एमएक्स रेकॉर्ड काढा, म्हणजे त्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर जातो ती नोंद. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप, मग स्पेस, हायफन, टाइप, बरोबरचं चिन्ह, एमएक्स, पुन्हा स्पेस आणि डोमेन. उत्तरात ‘एएसपीएमएक्स’ आणि गूगल दिसलं की गूगल वर्कस्पेस. ‘मेल डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम’ आलं तर मायक्रोसॉफ्ट ३६५. ‘पीपीहोस्टेड’ म्हणजे प्रूफपॉइंट. माइमकास्ट स्वतःच्या नावानेच दिसतं. हे दोन्ही गेटवे, म्हणजे मेलबॉक्सच्या आधी मेल तपासणारे. या दोघांच्या मागे मेलबॉक्स कुणाचा, ते इथून दिसत नाही आणि त्याची गरजही नाही. आधी गाठ पडते ती या पहारेकऱ्याशी. शेकडो डोमेन असतील तर ऑफिसातल्या एखाद्या डेव्हलपरला स्क्रिप्ट लिहायला लावा.

शीटमध्ये ‘प्रोव्हायडर’ असा कॉलम करा. साधं जीमेल वर्कस्पेसपासून वेगळं ठेवा. फोर्टातल्या जुन्या पेढ्यांच्या पाटीवर अजून जीमेलचाच पत्ता असतो, आणि गूगलचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे नियम याच वैयक्तिक खात्यांसाठी आहेत: एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या डोमेनवरच्या नोंदी) सगळ्यांनाच हवं, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं, ते सांगणारी नोंद). स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खालीच ठेवायच्या. आपण पाठवतो मूठभर, तरी तिन्ही लावून टाका. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही हॉटमेल-आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी असंच धोरण धरलंय.

आता त्या कॉलमप्रमाणे यादीचे गठ्ठे पाडा आणि प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी कॅम्पेन. पाठवणाऱ्याची पत प्रत्येक प्रोव्हायडर आपापल्या वहीत लिहितो, त्यामुळे एकत्र सरासरी काढली तर जीमेलची उत्तरं आउटलुकचं जंक झाकून टाकतात. ओपन रेटवर, म्हणजे किती मेल उघडले गेले त्या आकड्यावर, माझा भरवसा नाही. गेटवेवाल्या गठ्ठ्यात तर क्लिकसुद्धा खोटे: मेल पोचल्या क्षणी सगळ्या लिंका उघडलेल्या दिसल्या, तर तो तपासणीचा रोबो, माणूस नव्हे. उत्तरं आणि बाउन्स (न पोचता परत आलेले मेल), एवढंच मोजा.

गेटवेवाल्यांना पहिला मेल साध्या मजकुराचा: लिंक नाही, पीडीएफ नाही, सहीतला लोगोही नाही. डेमोची लिंक त्यांचं उत्तर आल्यावर.

एखाद्या गठ्ठ्यात उत्तरं आटली की तेवढाच थांबवा आणि त्या प्रोव्हायडरच्या आपल्या चाचणी खात्यावर तोच मेल पाठवून कुठे पडतो ते बघा. बाकीचे गठ्ठे चालू राहू द्या.