प्राथमिक शाळा मुलांना आपली वाटायला हवी असेल तर काय करायचं

मी पुण्यात प्राथमिकला शिकवते. नवीन बाई रुजू झाल्या की हमखास विचारतात, मुलांमध्ये एकोपा कसा आणायचा, गॅदरिंग मोठं करू का, सगळ्यांना सारखे टीशर्ट करू का. मी म्हणते आधी एवढंच बघा, वर्गातलं एखादं मूल तीन दिवस आलं नाही तर ते बाकीच्या किती मुलांना कळतं? हजेरीपटावर तर गैरहजेरी लागतेच, ते सोडा, मुलांना कळतं का? माझ्याच वर्गात एकदा एक मुलगी आठवडाभर तापाने घरी होती, परत आली तर एकानेही विचारलं नाही की अगं कुठे होतीस, ती गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली. मला ते फार लागलं, आणि तेव्हापासून मी सगळं तिथूनच सुरू करते.

तर पहिलं काम म्हणजे हजेरी मुलांनी घ्यायची. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्यायचा, सकाळी त्याने उभं राहून सांगायचं आज कोण नाहीये आणि माहीत असेल तर का नाहीये, दोन मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशीही नाही आलं तर मधल्या सुट्टीत बाईंच्या फोनवरून घरी फोन लावायचा, पण बोलायचं जोडीदाराने. कधी येणारेस, आम्ही गुणाकार सुरू केलाय, बास एवढंच. मूल आलं की वही दाखवायचं कामही त्याचंच. जोड्या मात्र दर दोन महिन्यांनी बदला, नाहीतर तेच दोघं चिकटून बसतात आणि बाकीचे बाहेरच राहतात.

दुसरं म्हणजे नावं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले 15 दिवस नावांवरच घालवा, धडा कुठे पळून जात नाही. आणि फक्त वर्गातल्या मुलांची नाही हं, शिपाई मामा, साफसफाईच्या मावशी, खिचडी शिजवणाऱ्या ताई, व्हॅनकाका, सगळ्यांची नावं मुलांना आली पाहिजेत.

परिपाठात सगळीकडे एकच होतं, माइक त्याच चार हुशार मुलांच्या हातात. ते थांबवा. हजेरी क्रमांकाने पाळी लावा, सुविचार असो, दिनविशेष असो, अडखळलं तरी चालेल, घाईघाईने माइक काढून घ्यायचा नाही. घरी हिंदी किंवा कानडी बोलणारं मूल असेल तर त्याच्या भाषेतली एखादी गोष्ट होऊ द्या, दुसऱ्या कोणीतरी मराठीत सांगायची.

चौथीच्या मुलांना पहिलीची भावंडं वाटून देणं हे मला सगळ्यात जास्त लागू पडलेलं आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, ताई किंवा दादा पुस्तक वाचून दाखवणार, बूटांची लेस बांधायला शिकवणार. गंमत म्हणजे वर्गात जी मुलं वाचायला लाजतात ती पहिलीतल्या पोरासमोर मोठ्याने वाचतात. पालखीच्या दिवसांत दिंडी काढतो तेव्हाही या जोड्यांनीच चालायचं, इयत्तेप्रमाणे रांगा लावायच्या नाहीत. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, कित्येक मुलांचे आजी-आजोबा गावाहून वारीला येतात, त्यांना शाळेत बोलवा, पायी चालण्याच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकायच्या.

शनिवारी अंगतपंगत. गोल बसायचं, डबा मधे ठेवायचा. इथे बाईंनी डोळ्यात तेल घालून बघायचं की कोणाच्या डब्याला कोणी नाक मुरडत नाहीये ना. आणि नवरात्रात भोंडला करा, खिरापत ओळखायचा खेळ तर करायचाच. आमच्याकडे एका बिहारच्या आईने ठेकुआ करून आणला होता, मुलांनी शंकरपाळी म्हणून बघितलं, अनारसे म्हणून बघितलं, बिस्किटं म्हणून बघितलं, शेवटपर्यंत कोणालाही ओळखता आलं नाही, आणि मग त्या माउलीने कणीक आणि गूळ कसा मळायचा, तळायचा कसा ते हाताने करून दाखवलं. तोपर्यंत त्या गेटच्या आत कधी आल्याच नव्हत्या, पोराला बाहेरच सोडून जायच्या. पुढच्या पालकसभेला त्या सगळ्यात आधी हजर.

पालकसभेचं तर मला कळकळीने सांगायचंय. बुधवारी सकाळी 11 वाजता सभा ठेवायची आणि मग पालकांना काही पडलेलीच नाही म्हणायचं, हे बरोबर नाही. धुणीभांडी करणारी आई किंवा साइटवर काम करणारे बाबा एक दिवसाचा रोज बुडवून कसे येणार? रविवारी ठेवा नाहीतर संध्याकाळी 7 नंतर. व्हॉट्सअॅपवर लांबलचक सूचना टाकण्यापेक्षा व्हॉइस मेसेज पाठवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, हे पालकांना स्पष्ट सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं की आपल्यालाही तिथे बसून बोलायचा हक्क आहे. आणि खासगी शाळेत असाल तर याच कायद्याने राखीव असलेल्या 25 टक्के जागांवर आलेल्या मुलांना 'आरटीईवाली मुलं' म्हणणं आजच्या आज बंद करा, स्टाफरूममध्येसुद्धा. मुलं ते बरोबर उचलतात.

3 जानेवारीला भाषणं कमी ठेवा. सावित्रीबाईंनी 1848 ला ज्या भिडे वाड्यात मुलींना शिकवलं तो इथलाच, आपल्या बुधवार पेठेतला, हे सांगून झालं की वर्गातल्या आज्यांना बोलवा. शाळा कितवीत सुटली, का सुटली, हे त्यांनी सांगायचं आणि प्रश्न मुलांनी विचारायचे.

आता राहिली वर्षाच्या मधेच येणारी आणि जाणारी मुलं. साइट संपली की कुटुंब हलतं, पुण्यात हे सतत चालू असतं. नवीन मूल यायच्या आदल्या दिवशीच त्याची बाकावरची जागा, दप्तर अडकवायची खुंटी आणि जोडीदार ठरलेला पाहिजे, सगळ्यांसमोर उभं करून ओळख करून द्यायला लावू नका, त्याला रडू येतं. आणि जाणाऱ्या मुलाला वर्गाचा एक फोटो द्या, मागे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आपापलं नाव लिहायचं, खाली शाळेचा फोन नंबर.