फायटर आजारी पडला तर आधी पाणी बघा

बेटा, म्हणजे आपला फायटर मासा, पंख मिटून तळाला बसला आणि दाण्याला तोंड लावेना, की जीव कासावीस होतो आणि आपण दुकानातून निळं औषध घेऊन येतो. जरा थांबा. बाटली उघडण्याआधी पाणी तपासा. बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं तरी त्याने माशाचे कल्ले भाजतात, आणि लहान बाऊलमध्ये तर हे फार लवकर घडतं. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. किट नसेल तर थेट तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळं एकदम ओतून टाकू नका, त्या धक्क्याने अशक्त मासा दगावतो.

नवं पाणी कुठलं, हेही बघा. नळाचं, मग ते आपल्या गोव्यातल्या ओपा पाणीप्रकल्पाचं असो वा साळावलीचं, क्लोरीन घातलेलं असतं; त्यात अँटीक्लोरीनचे थेंब हवेतच. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बरेचदा आम्लधर्मी असतं आणि खाडीकाठी मचूळ लागतं. ते थोडं थोडं मिसळा.

तापमान २४ ते २८ अंश ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी-सांगेकडच्या रात्री पाणी याहून गार होतं, तिथे छोटा हीटर लागतोच.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. फायटर पाण्यावर येऊन हवा घेतो. डासांचा स्प्रे, कॉइल, चवथीआधीच्या रंगकामाचा वास, सगळं त्याच्या श्वासात जातं. डास मारायच्या औषधातले बरेच घटक माशांना फार विषारी असतात. टाकी त्या खोलीतून हलवा.

पाणी सुधारूनही मासा मलूल असेल तर त्याला कधीही साबण न लागलेल्या चार-पाच लिटरच्या भांड्यात वेगळा ठेवा, वर झाकण घाला. आता त्याच्याकडे नीट बघा.

पंखांच्या कडा काळपट किंवा लाल होऊन झडत असतील तर पंख सडताहेत. चार लिटरला एक चहाचा चमचा अ‍ॅक्वेरियमचं मीठ वेगळं विरघळवून घाला, जास्तीत जास्त दहा दिवस. पाणी आटलं तर साधं पाणीच भरा, कारण मीठ उडून जात नाही. सोबत देशी बदामाचं गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाका. शाळेच्या आवारात, किनाऱ्यावर हे झाड हमखास भेटतं; फवारणी झालेली जागा तेवढी टाळा. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. जखम वाढतच गेली तर पशुवैद्याला दाखवा.

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर पाणी हळूहळू २८-३० अंशांपर्यंत न्या आणि त्यावरचं औषध द्या. ठिपके गेले तरी कोर्स पुरा करा, कारण औषध लागतं ते पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला, अंगावरच्या ठिपक्याला नाही. बॅटरीच्या उजेडात सोनेरी धूळ दिसली तर तो वेगळा परजीवी. तो काही अंशी प्रकाशावर जगतो, म्हणून औषधाबरोबर भांड्यावर काळं कापड टाका. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र कधीच देऊ नका.

पोट फुगून मासा तिरका तरंगत असेल तर बहुधा बद्धकोष्ठ आहे. दोन-तीन दिवस उपास, नंतर दोनच दाणे.

वरून पाहिल्यावर खवले सुरूच्या फळासारखे उभे दिसले तर मात्र आतले अवयव निकामी होत आलेले असतात आणि मासा क्वचितच वाचतो. तेव्हा उजेड मंद करा. पाणी उबदार आणि उथळ ठेवा, म्हणजे श्वास घ्यायला वर येताना त्याला कष्ट पडणार नाहीत.