ट्रेलर ओढायचाय? मग पिकअपचं इंजिन असं निवडा

अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) किंवा छोटी बोट घ्यायचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पिकअप घेतोय, इंजिन कोणतं घेऊ? माझं उत्तर दरवेळी एकच असतं. इंजिन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी काय ओढायचं, कुठून ओढायचं आणि सोबत कोण बसणार, हे कागदावर मांडा. तो हिशेब नीट केला तर इंजिनाचा निर्णय अर्ध्याहून जास्त आपोआप होतो.

उदाहरणासाठी फोर्ड एफ-१५० घेऊ. एकाच ट्रकमध्ये इतकी वेगवेगळ्या स्वभावाची इंजिनं मिळत असल्यामुळे तुलना सोपी जाते.

पायरी १: ट्रेलरचं खरं वजन काढा

ट्रेलरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात ते रिकामं वजन. त्यावर विसंबू नका. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच सुमारे ३३० पौंड वाढतात. त्यावर गॅस सिलिंडर, बॅटरी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या. रिकामा ५,२०० पौंडांचा ट्रेलर सहलीला निघताना सहज ६,५०० च्या घरात जातो. ट्रेलरच्या बाजूला लावलेल्या पट्टीवर त्याचं कमाल भारित वजन लिहिलेलं असतं. खरेदीच्या वेळी तोच आकडा धरून चाला. ट्रेलर आधीच घरी असेल तर सामानासकट ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर न्या. थोडक्या डॉलरांत पक्का आकडा हातात येतो.

पायरी २: ड्रायव्हरच्या दारावरचं स्टिकर वाचा

खरी मेख इथे आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच वगळतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या माहितीचं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, गरम-थंड होणाऱ्या सीट असं जे जे वाढत जातं, ते ते यातून वजा होतं. म्हणून महागड्या ट्रिमची (त्याच मॉडेलच्या जास्त सोयींच्या आवृत्तीची) वजन पेलायची क्षमता साध्या ट्रिमपेक्षा कमी भरते.

ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या टोकावर, दाबला जातो. ६,५०० पौंडांचे १३ टक्के म्हणजे ८४५ पौंड. आई-वडील आणि दोन मुलं ५६० धरा. हिचचा सरंजाम ९०. कूलर, लाकडं, सायकली १५०. बेरीज १,६४५. आता स्टिकरवर १,४५० असेल, तर हा ट्रक तुमच्यासाठी नाही. माहितीपत्रकात ११,००० पौंड ओढण्याची क्षमता छापलेली असली तरी नाही.

ती छापील क्षमता येते कुठून, तेही समजून घ्या. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं चाचणीचं मानक आहे. त्यातला चढ अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा. बुलहेड सिटीपासून वर जाणारा हा सुमारे ११ मैलांचा रस्ता १०० अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त उन्हात, एसी पूर्ण जोरात चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचा असतो. चाचणी कडक आहे यात शंका नाही. पण ट्रकमध्ये माणसं धरतात फक्त दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमची मुलं, त्यांच्या सायकली आणि आजी त्या हिशेबात नाहीत.

पायरी ३: टॉर्क किती, आणि किती आरपीएमला

आता इंजिनाकडे या. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आरपीएम म्हणजे ते मिनिटाला किती वेळा फिरतं. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो तो गिअरच्या जोरावर, आणि अगदी सावकाश. तुम्हाला मात्र तोच भार हायवेवर ताशी ६० मैलांनी चढावर न्यायचाय. तिथे अश्वशक्ती लागतेच. टॉर्क कमी आरपीएमला मिळाला, तर ती अश्वशक्ती इंजिनाला न किंचाळता देता येते. एवढं डोक्यात ठेवून २०२१ ते २०२३ च्या एफ-१५० चे आकडे बघा.

२.७ लिटर इकोबूस्ट (फोर्डच्या टर्बो इंजिनांचं नाव), दोन टर्बोंचं व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं: ३२५ अश्वशक्ती, ३,००० आरपीएमला ४०० पौंड-फूट टॉर्क. ५.० लिटर व्ही८, आठ सिलिंडरचं, टर्बो नसलेलं: ४०० अश्वशक्ती, ४१० पौंड-फूट, पण तो ४,२५० आरपीएमला. ३.५ लिटर इकोबूस्ट: ४०० अश्वशक्ती, ३,१०० आरपीएमला ५०० पौंड-फूट. त्याच ३.५ ला विजेच्या मोटरची जोड दिलेलं हायब्रिड पॉवरबूस्ट: ४३० अश्वशक्ती आणि ५७० पौंड-फूट. टर्बो नसलेलं ३.३ लिटरचं साधं व्ही६ही होतं, ते २०२४ पासून बंद झालं. जुन्या गाड्यांत अजून मिळतं, पण जड ट्रेलरसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

२.७ आणि ५.० यांच्या टॉर्कमध्ये फरक आहे जेमतेम १० पौंड-फूट. पण व्ही८ ला तो गाठण्यासाठी हजाराहून जास्त आरपीएम वर जावं लागतं. रस्त्यावर याचा अर्थ असा, की चढ आला की व्ही८ दोन-तीन गिअर खाली उतरून गर्जना करत चढतो आणि २.७ कमी आवाजात पुढे सरकतो. व्ही८ चा आवाज आवडणाऱ्यांचा मी आदर करतो, पण मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांचं मत वेगळं असू शकतं.

पायरी ४: तुमचा रस्ता समुद्रसपाटीचा की डोंगराचा?

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत ४०० अश्वशक्तीचा व्ही८ पावणेतीनशेच्या आसपास आलेला असतो. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून त्याची घट बरीच कमी. कोलोरॅडो, युटा, वायोमिंग ही तुमच्या सहलींची राज्यं असतील तर टर्बोच घ्या, यात मला जराही शंका नाही. ह्यूस्टन ते गॅल्व्हस्टन बोट न्यायची असेल, तर हा मुद्दा विसरून गेलात तरी चालेल.

उतरणीला चित्र पालटतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर मोठा व्ही८ गाडी जास्त धरून ठेवतो, छोटं टर्बो इंजिन तितकं नाही. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची खास सेटिंग) चालू ठेवा आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक व ट्रकमध्ये ते ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर असल्याशिवाय घाटात जाऊ नका.

पायरी ५: मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर विचारा

मागची चाकं एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो हा आकडा. तेच इंजिन, तोच ट्रक, पण अॅक्सल ३.३१ ऐवजी ३.७३ असला तर ओढण्याच्या क्षमतेत हजारो पौंडांचा फरक पडू शकतो. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही. तुम्ही विचारा.

पायरी ६: ट्रेलर नसतानाच्या दिवसांचा खर्च मांडा

बहुतेक घरांत ट्रेलर वर्षातल्या मोजक्या शनिवार-रविवारीच जोडला जातो, बाकी सगळे दिवस ऑफिस, शाळा आणि बाजारहाट. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये २.७ साधारण २१ मैल प्रति गॅलन देतं, ५.० सुमारे १९, हायब्रिड २३-२४. वर्षाला १२,००० मैल धरले तर २.७ आणि व्ही८ यांच्यात ६० गॅलनचा फरक पडतो. म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या बचतीसाठी इंजिन निवडण्यात अर्थ नाही. आणि ट्रेलर लागला की कोणतंही पेट्रोल इंजिन निम्म्याच्या आसपास येतं. टर्बो इंजिनांना जड भार ओढताना प्रीमियम पेट्रोल द्या, फोर्डचीही तशीच शिफारस आहे.

हायब्रिडचं खरं आकर्षण मला वेगळंच वाटतं. त्यात ७.२ किलोवॉट वीज देणारी सोय घेता येते. वीज नसलेल्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरचा एसी त्यावर चालतो, वेगळा जनरेटर न्यावा लागत नाही. पण बॅटरी-मोटरचं वजन दुसऱ्या पायरीतल्या आकड्यातून वजा होतं, हे ध्यानात ठेवा.

दर महिन्याला लांबचा पल्ला गाठत ट्रेलर ओढणार असाल, तर शेव्हरोलेट सिल्व्हराडोचं ३.० लिटर ड्युरामॅक्स डिझेलही बघा: २०२३ पासून ३०५ अश्वशक्ती आणि ४९५ पौंड-फूट. मैलेज उत्तम. मात्र डिझेलचा धूर स्वच्छ करणारा डीईएफ द्रव भरत राहावा लागतो, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत ऑइल पंपाचा पट्टा १,५०,००० मैलांवर बदलायचा असतो. ते काम खर्चिक आहे, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

माझा कौल सरळ आहे. भरलेला ट्रेलर ६,००० पौंडांच्या आत असेल तर २.७ पुरेसं आहे आणि रिकाम्या ट्रकला ते छान पळवतं. त्यावर ९,००० पर्यंत, विशेषतः डोंगरात, ३.५ इकोबूस्ट. त्याहूनही जड असेल तर एफ-१५० सोडा आणि एफ-२५० च्या वर्गात जा.

पायरी ७: चालवून बघताना

हायवेच्या रॅम्पवरून ६५ पर्यंत जाताना आवाज ऐका, चढावर आरपीएमचा काटा बघा. वापरलेला ट्रक घेत असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवंय, मी आल्यावरच चालू करा. २०१७ ते २०२० च्या ३.५ इकोबूस्टमध्ये कॅम फेझरची (इंजिनाच्या झडपांची वेळ बदलणाऱ्या भागाची) तक्रार सर्वश्रुत आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद समोरून खडखडाट येतो. बॉनेट उघडं ठेवून शेजारी उभे राहा आणि किल्ली दुसऱ्याला फिरवायला सांगा. तो आवाज आला आणि दुरुस्तीची पावती दाखवता आली नाही, तर दुसरा ट्रक बघा.