कुठली वायर कुठं जाते? टोनर आणि प्रोबने केबल शोधायची रीत

अभ्यासिका, क्लासेस, मंगल कार्यालयं, दवाखाने. लातूर-नांदेडला आता जिथे जाल तिथे कॅमेरे आहेत, वाय-फाय आहे, आणि त्यामागे केबलचं जाळं आहे. ते टाकणारा काम उरकून पुढच्या गावाला निघून जातो. मागे रॅकमध्ये उरतात वीस-चोवीस निळ्या केबल, आणि नाव एकीवरही नसतं. मग तिसऱ्या मजल्यावरचं नेट बंद पडलं की एकेक केबल उपसायची आणि फोनवर ओरडायचं, "आलं का? आता गेलं का?" टोनर आणि प्रोबची जोडी हाताशी असेल तर हा तमाशा टळतो. साधी जोडी हजार-दोन हजारांच्या घरात मिळते.

टोनर म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी डबी. दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा. बहुतेक टोनरना नेटच्या केबलसाठी वेगळं सॉकेटही असतं. ही डबी वायरीत साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल, म्हणजेच टोन, सोडते. प्रोब पेनासारखा लांबट असतो. त्याचं टोक वायरीजवळ नेलं की तो सिग्नल पकडतो, वाढवतो आणि स्पीकरमधून ट्यांव-ट्यांव वाजवतो. वायर सोलावी लागत नाही, केबलच्या आवरणावर टोक टेकवलं तरी पुरतं. टेलिफोनवाले लाइनमन शेकडो जोड्यांतून एक जोडी अशीच हुडकायचे.

आधी वीज

साधा टोनर २३० व्होल्टच्या चालू लाइनला कधीही लावायचा नाही. टोनर जळेल हे सोडाच, हात जाईल. चालू सर्किट शोधायची उपकरणं वेगळी असतात, त्यांची गल्लत करू नका.

आपल्याकडे एक सवय आहे. लाइट गेली की लगेच बोर्ड उघडायचा, "आता दोन तास काही येत नाही" म्हणत. भारनियमनाचं वेळापत्रक हे बंद केलेलं मेन स्विच नव्हे. लाइट कधीही येते. शिवाय घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन पाडलं तरी इन्व्हर्टरवरचे पंखे-दिवे चालूच राहतात, आणि नेमकी तीच वायर तुमच्या हातात असू शकते. म्हणून मेन पाडा, इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटची वायर काढा, छतावर सोलर असेल तर तोही बंद करा. मग मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा नको. घरातल्या वायरिंगचं हे काम वायरमन सोबत असेल तरच करा.

नेटच्या केबलीतही वीज असते. आयपी कॅमेऱ्यांना केबलमधूनच साधारण ४८ व्होल्ट पुरवतात. चालू लँडलाइनवरही एक्सचेंजकडून ४८ व्होल्ट येतात आणि रिंग वाजताना त्याहून जास्त. म्हणून केबल दोन्ही टोकांना मोकळी करून घ्या. नेटवर्कच्या स्विचला, म्हणजे रॅकमधल्या नेट वाटणाऱ्या डबीला, जोडलेली राहिली तर दुसरीही अडचण होते: पोर्टच्या आतलं सर्किट टोन शोषून घेतं आणि प्रोबला कुईकुई ऐकू येतं किंवा काहीच येत नाही.

चिमटे कुठे लावायचे

कामाचा निम्मा निकाल इथेच लागतो. पुष्कळ जण केबलमधली एक जोडी, समजा निळी आणि पांढरी-निळी, घेतात आणि दोन चिमटे त्या दोन तारांना लावतात. मग प्रोब जेमतेम वाजतो आणि यंत्राला शिव्या पडतात. एकमेकींत पिळलेल्या दोन तारांतून सिग्नल उलट-सुलट धावला की बाहेर तो एकमेकाला मारतो. जोडी पिळलेली असते ती याचसाठी, की तिच्यातलं बाहेर सांडू नये. आपल्याला तर सांडायलाच हवंय! म्हणून लाल चिमटा एका जोडीतल्या तारेला आणि काळा दुसऱ्या जोडीतल्या तारेला लावा. त्याहून चांगलं म्हणजे लाल चिमटा तारेला आणि काळा अर्थिंगला. आवाज एकदम खणखणीत होतो.

अर्थिंगसाठी सॉकेटची अर्थ पिन वापरणार असाल तर आधी तिच्यावर व्होल्टेज नाही ना ते मोजा. अर्थिंग नावालाच असलेली घरं कमी नाहीत. आणि अर्थला चिमटा लावला की थोडा टोन अर्थच्या वायरीतून घरभर फिरतो, हे लक्षात ठेवा. प्रत्येक बोर्डाजवळ बारीक आवाज आला तर दचकू नका.

कॅमेऱ्यांच्या जुन्या ३+१ केबलमध्ये एक कोएक्स आणि तीन साध्या तारा असतात. कोएक्सच्या मधल्या तारेला टोन दिला तर भोवतीची जाळी तो अडवते. लाल चिमटा जाळीलाच लावा, काळा अर्थला.

ऐकायचं कसं

आता प्रोब घेऊन रॅकपाशी या. आवाज पूर्ण वाढवा आणि गठ्ठ्यावरून टोक फिरवा. इथे नेमकं काय होतं ते सांगतो. टोनरपाशी उभा असलेला माणूस फोनवर विचारतो, सापडली का? रॅकपाशी बसलेला पोरगा म्हणतो, "दादा, हिला बी वाजायलंय अन् तिला बी वाजायलंय. समदंच वाजायलंय!"

पोरगा खोटं बोलत नाही. एकाच पाइपातून पन्नास-साठ फूट सोबत आलेल्या केबलींमध्ये टोन एकीतून दुसरीत उतरतो. प्रोब वाजला म्हणजे वायर सापडली असं नव्हे. सापडते ती सगळ्यांत मोठ्याने वाजणारी. म्हणून आवाज येऊ लागला की प्रोबची चकती उलटी फिरवत आवाज कमी करत जायचा. सगळ्या केबली वाजत असताना फरक कळत नाही. चकती खाली आणली की उसन्या टोनच्या केबली एकेक करून गप्प होतात आणि शेवटी दोन-तीनच उरतात. त्या गठ्ठ्यातून बोटांनी बाजूला ओढा, एकमेकींपासून वीतभर लांब धरा आणि टोक एकेकीच्या कापलेल्या तोंडाशी न्या. केबलच्या अंगापेक्षा तिच्या उघड्या टोकाशी फरक जास्त स्पष्ट कळतो. गठ्ठा पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला टेकलेला असेल तर तोही टोन घेऊन वाजतो, तेव्हा केबल त्यापासून सोडवून ऐका.

वाटतेय ती हीच, तरी खात्री करा. लाल आणि काळा ज्या दोन तारांना लावलाय, त्याच दोन तारा या टोकाला एकमेकींना टेकवा. केबल तीच असेल तर टोन बंद पडतो किंवा एकदम बसतो. आवाज तसाच राहिला तर ती केबल दुसरी आहे. ही चाचणी दोन सेकंदांची आहे आणि मी ती कधीच गाळत नाही. काळा चिमटा अर्थला लावून काम करत असाल तर हीच खूण तार अर्थला टेकवून मिळते.

टोनर फक्त केबल कुठली ते सांगतो. आठही तारा धड आहेत का, क्रमाने आहेत का, हे बघायला आरजे ४५ (नेटच्या केबलचा प्लग) बसवून केबल टेस्टरच लावावा लागतो.

भिंतीतली आणि तुटलेली वायर

माळवदाच्या जुन्या घरांत भिंती दोन-दोन हात जाड, पण वायरिंग बहुधा वरूनच, लाकडी पट्टीवरून गेलेली. नजरेनेच माग काढता येतो. खरी पंचाईत स्लॅबच्या घरात, जिथे पाइप प्लॅस्टरखाली गाडलेत आणि आता भिंतीत खिळा ठोकायचाय. वर सांगितल्याप्रमाणे वीज बंद करून त्या सर्किटची फेजची तार एमसीबीपासून सोडवा. त्यावरचे दिवे काढा, पंखा-टीव्हीचे स्विच बंद करा. हे राहिलं तर टोन दिव्यातून न्यूट्रलमध्ये उतरतो आणि न्यूट्रल घरभर एकच असल्याने सगळ्या भिंती वाजतात. लाल चिमटा सोडवलेल्या तारेला, काळा अर्थला लावून प्रोब भिंतीवर आडवा-उभा फिरवा आणि आवाज चढेल तिथे खडूची खूण करत चला. खुणा जोडल्या की पाइपाची वाट दिसते. पाइप प्लास्टिकचा असेल तरच हे जमतं. अर्थ केलेल्या लोखंडी पाइपातून टोन बाहेर येत नाही, तिथे दोन टोकंच ऐकायला मिळतात.

उंदराने किंवा खारीने कुरतडून तार पूर्ण तुटली असेल तर टोन जागा दाखवतो. तुटलेल्या तारेला टोन द्या, त्याच केबलमधल्या बाकीच्या तारा अर्थला बांधा आणि केबलच्या वाटेने प्रोब घेऊन चला. तुटलेल्या जागेपुढे आवाज एकदम उतरतो. शॉर्ट मात्र या रीतीने सापडत नाही. बोअरच्या केबलवर हा प्रयोग करणार असाल तर स्टार्टर आणि मेन दोन्ही बंद करा, पॅनलमधला कपॅसिटर वायरमनकडून डिस्चार्ज करून घ्या. आणि काळ्या मातीत हातभर खोल गेलेल्या केबलवर साध्या प्रोबकडून फार अपेक्षा ठेवू नका. तेवढ्या खोलीसाठी जमिनीखालची केबल शोधणारं यंत्र भाड्याने आणलेलं बरं.

केबल सापडली की तिथल्या तिथे, दोन्ही टोकांना नाव टाका. कागदी चिकटपट्टी मेच्या उन्हाळ्यात सुकून गळते, म्हणून थेट आवरणावर मार्करने लिहा: "३ मजला, खोली ७". आणि काम झालं की टोनरमधली ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा. बटण चुकून दाबलेलं राहिलं तर पिशवीतच संपते, आणि उतरलेल्या बॅटरीवर टोन इतका बारीक येतो की चांगली केबलही तुटल्यासारखी वाटते.