गिटारला जोडीचा सूर: पिच शिफ्टर घेण्याआधी आणि जोडल्यावर

एका गिटारमधून दोन गिटारी वाजल्यासारखा जोडीचा सूर हवा असेल, तर पेडलच्या (पायाने चालवायच्या इफेक्टच्या छोट्या यंत्राच्या) खोक्यावर ‘हार्मनी’ छापले आहे एवढे पाहून भागत नाही. त्या पेडलला तुमचा सा आणि थाट (सात स्वरांचा गट) सांगता येतो का, हे आधी पाहावे लागते. पैसे बहुधा इथेच चुकीच्या जागी जातात.

साधा पिच शिफ्टर प्रत्येक स्वर ठरलेल्या अंतराने वर किंवा खाली नेतो. समजा ‘चार फ्रेट वर’ लावले (एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर). बिलावलात, म्हणजे सातही शुद्ध स्वरांच्या थाटात, सा वाजवला की ग मिळतो, म वर ध आणि प वर नि. इथवर कानाला गोड. पण रे वाजवल्यावर शुद्ध म ऐवजी तीव्र म येतो. ग वर पंचमाऐवजी कोमल ध, ध वर वरच्या सा ऐवजी कोमल रे, नि वर कोमल ग. म्हणजे सातांपैकी चार स्वरांवर परका स्वर. अंतर तीन फ्रेटचे केले तर हे चार सुधारतात, पण सा, म आणि प बिघडतात. पेडल खराब नसते. सप्तकातली अंतरेच सारखी नाहीत, आणि हे पेडल ती सारखी धरते.

पंचमाचे तसे नाही. सात फ्रेट वर लावले तर बिलावलात फक्त नि चुकतो, कारण त्याच्यावर शुद्ध म हवा असतो आणि येतो तीव्र. पाच फ्रेट वर लावले तर एकटा म चुकतो. म्हणून फक्त पंचम किंवा वरचे-खालचे सप्तक हवे असेल, तर साध्या पेडलवर उत्तम काम होते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पिच फोर्क याच जातीचे, आणि त्यावर कॉर्ड वाजवली तरी चालते. डिजिटेकच्या व्हॅमीत पेडल टाचेने दाबले की एक अंतर आणि चवड्याने दाबले की दुसरे मिळते, तेव्हा स्वर निवडायचे काम पायावर येते. हे जमते, पण संथ चालीतच.

गंधाराची किंवा धैवताची जोड हवी असेल, तर ज्याला पट्टी सांगता येते असे पेडल घ्या. बाजारात त्याला ‘डायटॉनिक’, ‘इंटेलिजंट’ किंवा ‘हार्मोनिस्ट’ म्हणतात. बॉसचे पीएस-६ आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचे क्विंटेसन्स ही या प्रकारची छोटी पेडले. ती वाजवलेला स्वर आधी ओळखतात आणि मग त्या स्वराला तीन फ्रेट द्यायचे की चार, हे ठरवतात. अनेक मल्टिइफेक्टमध्येही (एकाच यंत्रात अनेक इफेक्ट) हीच सोय असते. घरी तसे यंत्र असेल तर नवे पेडल मागवण्याआधी त्याच्या यादीत ‘की’ विचारणारा इफेक्ट आहे का, ते पाहा.

‘की’ लावताना गायकाची पट्टी इंग्रजी अक्षरात बदलावी लागते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

आता थाट. ग्वाल्हेरात १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय भातखंड्यांच्या दहा थाटांच्या पद्धतीवर सुरू झाले, त्यामुळे इथे गाणे शिकलेल्याला दहा थाट वेगळे सांगावे लागत नाहीत. छोट्या पेडलवर मात्र बहुधा ‘मेजर’ आणि ‘मायनर’ एवढेच असते. तरी त्यातून सहा थाट निघतात. बिलावलाला सा हीच की, मेजर. खमाजला सा पासून पाच फ्रेट वरची मेजर की. कल्याणला सात फ्रेट वरची. काफीला दोन फ्रेट खालची. भैरवीला चार फ्रेट खालची. आसावरीला तीन फ्रेट वरची. उदाहरणार्थ, पांढरी एकची काफी वाजवायची तर नॉब सी वर नाही, ए शार्प मेजरवर (काही पेडलांवर तेच बी फ्लॅट). पेडलला तुमचा षड्ज कळत नाही, त्याला फक्त सात स्वरांचा गट हवा असतो. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या मार्गाने बसत नाहीत. तिथे सप्तकाच्या जोडीवरच राहा.

शिवाय पेडलला थाट कळतो, राग कळत नाही. भूपात सा, ग आणि ध यांची जोड बरोबर येते (ग, प, सा), पण रे वर म आणि प वर नि ऐकू येतो. दोन्ही भूपात वर्ज्य. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात भूपावरचे भक्तिगीत वाजवताना पेडल सतत चालू ठेवले, तर नेमके हेच खटकते. यासाठी पाय दाबलेला असेपर्यंतच चालू राहणारे बटण असलेले पेडल निवडा, आणि जोड फक्त ठहरावाच्या स्वरांवर द्या.

मींड ही दुसरी अडचण. तार ओढून सा वरून रे वर गेलात, तर जोडीचा स्वर ग वरून म वर गेला पाहिजे. तुमचा स्वर दोन फ्रेट चढतो, जोडीचा एकच. हा बदल पेडल मधेच करते आणि उडी ऐकू येते. ठरलेल्या अंतराच्या पेडलवर मींड सरळ आणि गुळगुळीत राहते. तुमचे वाजवणे मींडेवर उभे असेल, तर डायटॉनिक पेडल घेण्याआधी हे नीट तोलून पाहा.

सूर मिळवण्यात हयगय नको. ही यंत्रे साधारणपणे ए = ४४० हर्ट्झ धरून स्वर ओळखतात. जुनी हार्मोनियम त्यापासून अर्ध्या अर्धस्वराने सरकलेली असेल आणि तुम्ही गिटार तिच्याशी मिळवली, तर पेडल दोन शेजारच्या स्वरांमध्ये चाचपडते आणि जोड थरथरते. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरून सा घ्या. पेडलमध्ये संदर्भ-सूर बदलता येत असेल तर तो बदला.

खालच्या सुराच्या जाड तारांवर जोड उशिरा येते. जाड ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, म्हणजे कंपनाच्या एका आवर्तनालाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. बारीक ई तारेला (३३० हर्ट्झ) तेच काम ३ मिलिसेकंदांत होते. आवर्तन पुरे झाल्याशिवाय स्वर ओळखता येत नाही, त्यामुळे महागडे पेडल घेऊनही हा उशीर पूर्ण जात नाही. जोडीच्या जागा बारीक तीन तारांवर वाजवा. नेक पिकअप (मानेजवळचा) निवडा, टोन थोडा कमी करा, आणि दुसरी तार वाजू न देता तळहाताने दाबून ठेवा. डायटॉनिक पेडलला एका वेळी एकच स्वर कळतो. दोन तारा एकदम वाजल्या की ते गोंधळते.

जोडणी अशी करा: गिटार, ट्यूनर, कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट), मग पिच शिफ्टर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. डिस्टॉर्शन पिच शिफ्टरच्या नंतर ठेवले तर दोन्ही स्वर एकाच वेळी चिरडले जातात, त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे जादा स्वर तयार होतात आणि गंधाराची जोड गढूळ होते. आधी ठेवले तर दोन वेगळ्या गिटारी वाजल्यासारखे होते. डिस्टॉर्शन अँपचेच असेल तर पिच शिफ्टर अँपच्या मागच्या सेंड-रिटर्नमध्ये (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या जागेत) घाला. पेडलला दोन आउटपुट असतील आणि मिक्सरला एकच केबल जात असेल, तर मोनो आउटपुट कोणते ते खुणेवरून पाहूनच लावा, नाहीतर नुसता मूळ सूर किंवा नुसती जोड पुढे जाते.

जोडीचा आवाज मूळ सुरापेक्षा कमी ठेवा, सुरुवात निम्म्यापासून करा. श्रोता सर्वांत वरचा स्वर चाल म्हणून धरतो, म्हणून ओळखीच्या चालीला जोड खालून द्या. वरून दिलेली जोड पाच-सात फ्रेटच्या पुढे गेली की पातळ आणि खेळण्यातल्यासारखी वाटते.

विजेचा पुरवठा बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो, प्लगचे मधले टोक ऋण. पण जुन्या व्हॅमी ४ ला ९ व्होल्ट एसी लागतो. सेकंडहँड घेताना अ‍ॅडॅप्टर सोबतचाच आहे ना, ते लेबलवर वाचा. मिलिअँपियरची गरजही तिथेच लिहिलेली असते. डिजिटल पेडल साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलसोबत एकाच साखळी-वायरवर (एका अ‍ॅडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणारी वायर) लावले तर बारीक शिट्टी येते, तेव्हा त्याला वेगळा, आयसोलेटेड पुरवठा द्या.

हातात आल्यावर पहिली चाचणी डिस्टॉर्शनशिवाय घ्या. की आणि थाट लावून सातही स्वर एकेक करून, प्रत्येकी दोन सेकंद धरून वाजवा, आणि प्रत्येक जोड हार्मोनियमवर तपासा. मग तेच स्वर तुटक आणि जलद वाजवा. परत करण्याची मुदत संपण्याआधी मींड आणि जाड तार याही तपासून घ्या.