मेटफॉर्मिनची मळमळ: माझी कशी थांबली

सकाळी चहाबरोबर मधुमेहाची मेटफॉर्मिन ५०० (मिलिग्रॅम) घेतली की अर्ध्या तासात पोटात ढवळायला लागायचं. तोंडाला पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव. सोलापूरच्या नव्या पेठेतून जाताना भज्यांचा वास आला तरी उमासे. संध्याकाळच्या गोळीलाही तेच. तीन आठवड्यांत पार वैतागलो.

आलं चघळलं, लिंबूसोडा प्यायलो, आम्लपित्ताची गोळीही घेतली. तेवढ्यापुरतं बरं. दोन दिवस औषधच बंद केलं, तर मळमळ गेली आणि साखर चढली. हा शहाणपणा करू नका.

डॉक्टरांना गोळीची नेमकी वेळ सांगितली तेव्हा चूक कळली: चहा म्हणजे जेवण नव्हे. त्यांनी साधी गोळी बदलून सावकाश विरघळणारी, पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेली दिली. दिवसातून एकदाच, रात्री.

आता आधी अर्धी ज्वारीची भाकरी आणि आमटी, मग ग्लासभर पाण्याबरोबर गोळी, मग उरलेली भाकरी. गोळी मोडायची नाही, चावायची नाही. नाहीतर औषध एकदम सुटतं. पहिले दहा दिवस तेलकट आणि शेंगाचटणी बंद (सोलापुरात हे गोळीपेक्षा कडू). जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दोन आठवडे ५००, त्रास नाही म्हटल्यावर डॉक्टरांनीच १००० केली.

पाचव्या दिवसापासून ढवळणं थांबलं. शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध आत शोषलेलं असतं. पण उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.